अर्ज कोणाच्या नावे लिहायचा?

२०२५ सालच्या दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात एक जुना विद्यार्थी संध्याकाळी घरी आला. वीसेक वर्षांपूर्वी त्याने आमच्या महाविद्यालयातून अर्थशास्त्र घेऊन बी. ए. केले. पुढे एका लहान कारखान्यात स्टोअरकीपर म्हणून काही वर्षे काढली. तो कारखाना बंद पडला, आणि गेली चार वर्षे हा गृहस्थ एका बड्या कंपनीची पार्सले घरोघर पोचवतो. चारचाकी टेम्पो त्याच्या नावावर, पण कर्जाचा; मध्ये एक ठेकेदार, ज्याला ते लोक व्हेंडर म्हणतात; आणि सर्वांच्या वर कंपनी, जिचे दर्शन त्याला फक्त मोबाइलच्या पडद्यावर घडते. श्रमाची गतिक्षमता म्हणजे काय, हे त्याला वर्गात मीच शिकवले होते. आता तो दिवसाचे अकरा-बारा तास गतिमान असतो.

"सर, एक अर्ज लिहून द्या," तो म्हणाला. मी कागद पुढे ओढला, वर तारीख घातली आणि सवयीने विचारले, "कोणाच्या नावे?"

तो गप्प राहिला. थोड्या वेळाने म्हणाला, "तेच तर कळत नाही, सर."

प्रकार असा घडला होता. एका सोसायटीतील रहिवाशाने फोनवर सांगितल्यावरून त्याने एक पार्सल फाटकावरील वॉचमनकडे ठेवले. दुसऱ्या दिवशी रहिवाशाने कंपनीला कळवले की पार्सल मिळालेच नाही. त्याच रात्री याच्या मोबाइलवर दोन ओळींचा इंग्रजी मजकूर आला: खात्यावर नियमबाह्य वर्तन आढळल्याने ते स्थगित करण्यात येत आहे. सकाळी हबवर गेला तर आयडी बंद. व्हेंडर म्हणाला, वरून बंद झाली आहे, माझ्या हातात काही नाही. हबचा प्रमुख म्हणाला, सिस्टीमने केले, मी माणूस पाहून काही करू शकत नाही. मदतकेंद्राचा क्रमांक फिरवला तर आधीच ध्वनिमुद्रित केलेल्या आवाजाने तक्रार नोंदवून घेतल्याचे सांगितले. पार्सलची किंमत त्याच्या बिलातून वळती झाली ती वेगळीच. आणि पुढच्या पाच तारखेला टेम्पोचा हप्ता होता.

आरोप झाला, निकाल लागला, शिक्षेची अंमलबजावणीही झाली. फक्त न्यायाधीश कोण, हे कोणालाच सांगता येईना. प्रस्तुत लेखकाने नोकरीच्या काळात असंख्य अर्ज लिहिले, कित्येक विद्यार्थ्यांना आणि शिपायांना लिहून दिले. पण ज्याला "माननीय" म्हणून संबोधावे असा माणूसच नाही, असा अर्ज लिहिण्याचा प्रसंग पहिल्यांदाच आला.

भीती हा स्वभावदोष नव्हे

त्या दिवसापासून मी या व्यवसायातल्या अनेकांशी बोललो. चहाच्या टपरीवर, हबच्या बाहेरच्या सावलीत, आमच्याच इमारतीच्या जिन्यात. उत्पन्न, पेट्रोल, पाठदुखी, कुत्री हे विषय निघतातच, पण सर्वांच्या बोलण्यात पुन्हा पुन्हा येणारी गोष्ट एकच: "आयडी कधी बंद पडेल सांगता येत नाही." उशीर झाला तर भीती. ग्राहकाने दार उघडले नाही आणि पार्सल परत आणावे लागले तर भीती. रोखीच्या पार्सलचे पैसे संध्याकाळी जमा करताना शंभर रुपये कमी पडले तर भीती. गुण घसरले तर भीती. आणि गुण का घसरले हे कळत नाही, म्हणून सर्वांत जास्त भीती.

या भीतीवर सुशिक्षित समाजाकडे एक तयार औषध आहे. माझ्या एका सुस्वभावी मित्राने ही हकीगत ऐकून त्या विद्यार्थ्याला सल्ला दिला, "ताण घेऊ नकोस. सकाळी दहा मिनिटे ध्यान करीत जा." सल्ला वाईट नाही. पण पायाला दोर बांधलेल्या माणसाला चालण्याचा व्यायाम सांगण्यासारखा तो आहे. ही भीती मनाच्या दुबळेपणातून उपजलेली नाही. ती निर्माण केलेली आहे, आणि ज्यांनी निर्माण केली त्यांना तिचा उपयोग आहे. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला हे नवे वाटू नये.

पोलंडचे अर्थशास्त्रज्ञ मिखाल कालेत्स्की यांनी १९४३ साली एका निबंधात दाखवून दिले की पूर्ण रोजगार शक्य असूनही उद्योगपतींना तो नको असतो, कारण मग कामावरून काढण्याच्या धमकीतला दम निघून जातो. कालेत्स्की समाजवादी विचारांचे, म्हणून ज्यांना त्यांचे म्हणणे पटत नाही, त्यांच्यासाठी दुसरी साक्ष देतो. कार्ल शापिरो आणि जोसेफ स्टिग्लिट्झ या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञांनी १९८४ साली गणिताच्या भाषेत तेच मांडले. मालकाला कामगाराच्या प्रत्येक हालचालीवर नजर ठेवता येत नाही. म्हणून तो बाजारभावापेक्षा थोडे अधिक वेतन देतो, आणि बाहेर बेकारांची रांग असते. नोकरी गेली तर मोठे नुकसान होईल, या जाणिवेने कामगार शिस्तीत राहतो. थोडक्यात, बेकारी ही शिस्तीची छडी आहे.

आता या सिद्धांताला आपल्या रस्त्यावरच्या वास्तवाने दोन दुरुस्त्या सुचवल्या आहेत. पहिली ही की नजर ठेवणे आता महाग राहिलेले नाही. गाडी कुठे थांबली, किती मिनिटे थांबली, पार्सल कोठे स्कॅन झाले, हे सारे कामगाराच्याच खिशातला, त्यानेच विकत घेतलेला, त्यानेच चार्ज केलेला मोबाइल कंपनीला सांगतो. दुसरी दुरुस्ती अधिक क्रूर आहे. कामगाराने नोकरीला घाबरावे म्हणून पूर्वी मालकाला चढे वेतन द्यावे लागे. आता ते देण्याची गरज उरली नाही, कारण ते काम गाडीच्या हप्त्याने पत्करले आहे. जो स्वतःच्या नावावर कर्ज काढून कामाचे साधन घेऊन येतो, त्याला काम गमावण्याची धास्ती आपोआपच अधिक असते. कंपनीला साधन फुकट मिळाले आणि शिस्तही फुकट मिळाली. भांडवलदाराची व्याख्या आपण "उत्पादनसाधनांचा मालक" अशी करीत आलो. इथे साधनाची मालकी कामगाराच्या गळ्यात आहे, आणि तीच त्याचा फास झाली आहे.

१९३६ सालच्या कायद्याला जे कळले

शिस्त नको, असे कोणी समंजस माणूस म्हणणार नाही. पार्सले चोरीला जातात. काही चालक लबाडीही करतात. प्रश्न शिस्त असावी की नसावी हा नाही. शिक्षा देण्याची रीत काय असावी, हा आहे. आणि त्या प्रश्नाचे उत्तर या देशातील कामगारांनी फार पूर्वी, मोठी किंमत देऊन मिळवलेले आहे.

मुंबईच्या गिरण्यांत एके काळी विणकराच्या हातून कापड बिघडले तर ते कापडच त्याच्या गळ्यात मारीत आणि किंमत पगारातून कापीत. ठरवणारा जॉबर, अपील कोणाकडे नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांना एकत्र केले आणि १८९० साली आठवड्याची सुट्टी पदरात पाडून घेतली, तेव्हा सुरू झालेला झगडा पुढे १९२८ च्या सहा महिन्यांच्या सार्वत्रिक संपापर्यंत आला. त्या संपात मजुरीच्या दराइतकेच गिरणीच्या शिस्तीचे नियम, म्हणजे स्थायी आदेश, हेही भांडणाचे कारण होते, आणि संपानंतरच्या फॉसेट समितीला त्यांचा कलमवार विचार करावा लागला.

यातून काय निष्पन्न झाले ते पाहा. १९३६ चा वेतन प्रदान कायदा इंग्रजी अमदानीतला आहे. तो करणारे कोणी समाजवादी नव्हते. तरीही त्या कायद्याने सांगितले की कोणत्या कृत्याबद्दल दंड होईल त्याची यादी आधी मंजूर करून घेऊन कामाच्या जागी लावली पाहिजे. दंड करण्यापूर्वी कामगाराला आपली बाजू मांडण्याची संधी दिली पाहिजे. महिन्याचा एकूण दंड रुपयामागे अर्ध्या आण्याहून अधिक असता कामा नये. दंडाची नोंद वहीत झाली पाहिजे आणि ती रक्कम मालकाच्या खिशात न जाता कामगारांच्याच हिताच्या कामी लागली पाहिजे. त्याच कायद्यात आणखी एक तरतूद आहे, जी माझ्या विद्यार्थ्याने डोळे मोठे करून दोनदा वाचली. कामगाराच्या स्वाधीन केलेला माल हरवला, तर तो त्याच्याच हयगयीमुळे हरवला असेल तरच भरपाई कापता येते, तीही त्याचे म्हणणे ऐकून घेतल्यावर, आणि झालेल्या नुकसानीपेक्षा अधिक नाही. २०१९ च्या वेतन संहितेने हे तत्त्व कायम ठेवले आहे.

पुढे १९४६ चा स्थायी आदेशांचा कायदा आला. आरोपपत्र, खुलासा, चौकशी, मग शिक्षा, हा क्रम त्यातून रूढ झाला. १९६५ साली औद्योगिक विवाद कायद्यात कलम २-अ घालून एकट्या कामगाराची बडतर्फी हाही औद्योगिक विवाद मानला गेला. १९७१ साली कलम ११-अ आले, आणि शिक्षा अपराधाच्या मानाने जबर असेल तर ती कमी करण्याचा अधिकार न्यायाधिकरणाला मिळाला. १९८२ साली चौकशीच्या काळातल्या निलंबनासाठी निर्वाह भत्ता कायद्याने बंधनकारक झाला: पहिले नव्वद दिवस निम्मे वेतन, त्यानंतर बहुधा पाऊण वेतन.

या साऱ्याचे मी वाजवीपेक्षा अधिक गोडवे गात नाही. खातेनिहाय चौकशी पुष्कळदा नाटकच असे. चौकशी अधिकारी व्यवस्थापनाच्या पैशावर येई आणि निकाल खिशातच घेऊन येई. पण त्या नाटकातही कामगाराला एक भूमिका होती, बोलण्यासाठी दोन वाक्ये होती, सोबतीला संघटनेचा एक माणूस होता. आणि त्या कागदपत्रांच्या आधारे पुढे न्यायालयात जाता येई. आजच्या मोबाइलवरील दोन ओळींत एवढेही नाही. नव्वद वर्षांपूर्वी परकीय सरकारने गिरणीतल्या कामगाराला जे देऊ केले, ते आज स्वतंत्र भारतातील पार्सलवाल्याला मिळत नाही. याला प्रगती म्हणायचे असेल तर शब्दकोश बदलावा लागेल.

"भागीदार" नावाचा बनाव

मिळत का नाही? कारण हे सारे कायदे "कामगार" या शब्दावर उभे आहेत, आणि कंपनीने तो शब्दच खोडला आहे. पार्सल पोचवणारा हा कामगार नाही, तो "भागीदार" आहे, स्वतंत्र व्यावसायिक आहे, असे ती म्हणते. भागीदाराला बडतर्फ कसे करणार? त्याचे फक्त खाते बंद होते.

या युक्तिवादाची परीक्षा घ्यायला मार्क्सपर्यंत जाण्याचीही गरज नाही. रोनाल्ड कोस यांना १९९१ साली नोबेल पारितोषिक मिळाले. ते बाजाराचे चाहते होते, शत्रू नव्हेत. १९३७ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात त्यांनी एक साधा प्रश्न विचारला: बाजार इतका कार्यक्षम असेल तर उद्योगसंस्था अस्तित्वात येतातच का? उत्तर असे की बाजारात माणूस किंमत पाहून हालचाल करतो, संस्थेत तो हुकूम ऐकून करतो. आणि जिथे हुकूम देण्याचा अधिकार आहे तिथे कायद्याच्या भाषेतले मालक-नोकराचे नाते आहे. आता ही कसोटी लावा. पार्सलचा दर कोण ठरवतो? कंपनी. रस्ता कोण ठरवतो? कंपनी. कोणत्या क्रमाने कोणत्या दारात जायचे, ते? कंपनी. अंगावर कोणाचा शर्ट? चूक झाली की शिक्षा कोणाची? जो भागीदार दर ठरवत नाही, रस्ता ठरवत नाही आणि नफ्यात वाटा मागू शकत नाही, तो फक्त तोट्यातला भागीदार आहे. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने १९ फेब्रुवारी २०२१ रोजी उबरच्या चालकांसंबंधी निकाल देताना हाच मार्ग धरला. करारात काय लिहिले आहे यावर न थांबता प्रत्यक्षात ताबा कोणाचा आहे हे पाहिले, आणि चालक हे कामगारच आहेत असे ठरवले.

आपल्याकडे नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालाने अशा प्रकारचे काम करणाऱ्यांची संख्या २०२०-२१ साली ७७ लाख धरली आणि २०२९-३० पर्यंत ती २ कोटी ३५ लाखांवर जाईल असा अंदाज केला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रम संहिता लागू झाल्या. सामाजिक सुरक्षा संहितेत या कामगारांचा उल्लेख आहे, हे मान्य केले पाहिजे. कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम त्यांच्या कल्याणासाठी द्यावी, अशीही तरतूद आहे. परंतु त्यांची व्याख्याच मुळी "पारंपरिक मालक-कामगार संबंधाबाहेरचे" अशी केली आहे. म्हणजे विमा मिळेल, न्याय मिळणार नाही. ज्या खात्यावरून विमा मिळायचा ते खाते एका रात्रीत, एका शब्दाचे कारण न देता बंद करण्याचा कंपनीचा अधिकार जागच्या जागी राहिला. आणि जे नि:संशय कामगार आहेत त्यांच्यासाठीही स्थायी आदेशांची मर्यादा शंभरावरून तीनशे कामगारांवर नेण्यात आली. अशा रीतीने छत एकाच वेळी दोन्ही बाजूंनी मागे सरकले आहे.

दोन आक्षेप

विरोधकांचे दोन आक्षेप विचारात घेतले पाहिजेत. पहिला: लबाडी झाल्यावर कंपनीने चौकशी संपेपर्यंत थांबायचे काय? नाही. संशयिताला तात्पुरते दूर ठेवण्याचा अधिकार जुन्या कायद्यातही होता. पण त्या अधिकाराबरोबर निर्वाह भत्ता होता, मुदत होती, लेखी आरोप होता. अधिकार ठेवून जबाबदारी तेवढी टाकून देता येणार नाही.

दुसरा आक्षेप खर्चाचा आहे: प्रत्येक तक्रारीची माणसाकडून चौकशी करायची तर पार्सल महागेल. हा अर्थशास्त्राचा प्रश्न आहे, तेव्हा त्याचे उत्तर अर्थशास्त्रातच देतो. चुकीच्या शिक्षेला आजही किंमत पडते. निर्दोष माणसाची आयडी तीन आठवडे बंद राहिली तर त्या घरातली कमाई थांबते, हप्ता चुकतो, सावकाराचे दार ठोठवावे लागते. ही किंमत खरी आहे. ती फक्त कंपनीच्या हिशेबाच्या वहीत उमटत नाही. कारखान्याने सांडपाणी नदीत सोडावे आणि खर्च वाचला म्हणून पाठ थोपटून घ्यावी, तसे हे आहे. आणि चुकीचा खर्च जोवर दुसऱ्याच्या डोक्यावर पडतो, तोवर चुका कमी करण्याचे कंपनीला काहीच कारण नाही. नोटीस, सुनावणी आणि भरपाई यांचा खर्च कंपनीवर टाकणे, ही दया नाही. तो खर्च जिथला तिथे नेऊन ठेवणे आहे.

हे शक्य नाही असे म्हणणाऱ्यांनी अमेरिकेकडे पाहावे. समाजवादाचे माहेरघर म्हणून तो देश कोणी ओळखत नाही. तिथल्या यूपीएस या पार्सल कंपनीतील चालक टीम्सटर्स या युनियनचे सभासद आहेत. १९९७ साली तेथील १ लाख ८५ हजार कामगारांनी पंधरा दिवस संप केला. त्यांच्या करारात लिहिले आहे की काही गंभीर अपराध सोडले तर तक्रारीचा अंतिम निकाल लागेपर्यंत कामगार कामावरच राहील. त्यात हेही आहे की अप्रामाणिकपणाचा प्रकार वगळता, केवळ जीपीएसच्या नोंदीवरून कोणाला कामावरून काढता येणार नाही. २०२३ च्या करारात, संपाची तयारी करून, चालकाच्या तोंडावर रोखलेले कॅमेरे गाडीत लावू देणार नाही, हेही त्यांनी मान्य करून घेतले. तीच गाडी, तेच पार्सल, तेच यंत्र. पण तिथल्या चालकाला आरोपाची चिठ्ठी आली तर तो आधी आपल्या युनियनच्या प्रतिनिधीला बोलावतो. दोन्हीकडे यंत्र सारखेच असताना फरक पडला तो संघटनेमुळे. युरोपीय संघानेही २०२४ साली निर्देश काढला की खाते स्थगित वा बंद करण्याचा निर्णय माणसानेच घेतला पाहिजे आणि कारण लेखी दिले पाहिजे. सदस्य देशांना तो कायद्यात उतरवण्यासाठी २ डिसेंबर २०२६ पर्यंतची मुदत आहे.

इतके दूर जायचे नसेल तर शेजारच्या राज्यात जा. कर्नाटकाच्या २०२५ च्या कायद्यात, कामावरून दूर करायचे तर लेखी, सबळ कारण आणि चौदा दिवसांची आगाऊ सूचना बंधनकारक आहे. तिथे धंदा बुडाला, असे ऐकिवात नाही.

आणि महाराष्ट्राने तर हे स्वतःच्याच इतिहासातून शिकावे. हमालाला एक मालक नसतो; आज या व्यापाऱ्याची पोती, उद्या त्याची. "मालकच नाही तर कायदा कसा लावणार?" हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला. पुण्यात बाबा आढावांनी हमाल पंचायत उभारली, मुंबईत अण्णासाहेब पाटलांनी माथाडींना एकत्र आणले, आणि १९६९ साली माथाडी कायदा झाला. मालक बदलत राहिले तरी मंडळ कायम राहिले. नोंदणी, मजुरी आणि लेव्ही मंडळामार्फत होऊ लागली. पाठीवर पोते वाहणाऱ्या निरक्षर माणसासाठी जे राज्य पाच दशकांपूर्वी हा मार्ग काढू शकले, त्याला पाठीवर पार्सलची पिशवी वाहणाऱ्या पदवीधरासाठी तो काढता येत नाही, हे कोणी मानावे? डिसेंबर २०२५ मध्ये बाबा आपल्यातून गेले. त्यांच्या शोकसभेत अश्रू ढाळणाऱ्या पुढाऱ्यांनी एवढ्या प्रश्नाचे उत्तर द्यावे.

आपण सारे मुकादम

दोष फक्त कंपन्यांना देऊन आपली सुटका नाही. आमच्या पिढीच्या कामगार संघटना कायम नोकरदारांची राखण करीत बसल्या. दाराशी येणारा माणूस कोणत्या संघटनेत बसतो, याचा विचार आम्ही केला नाही. त्यांनी स्वतःच हालचाल केली: २०२५ च्या नाताळात आणि वर्षाच्या अखेरच्या दिवशी देशातील अनेक शहरांत या कामगारांनी काम बंद ठेवले, तेव्हा जुन्या नेत्यांपैकी किती जण त्यांच्या बाजूला उभे होते?

आणि ग्राहक म्हणून आपण कोण आहोत? गिरणीतला मुकादम पगार घेऊन पाळत ठेवी. आपण ती बिनपगारी ठेवतो. पार्सल घेऊन दार लावता लावता अंगठ्याने दोन तारे दाबणारा मी, माझ्या दृष्टीने फक्त मत देत असतो. समोरच्यासाठी तो शेरा असतो. कबूल करतो, दोन वर्षांपूर्वी एक पुस्तक चार दिवस उशिरा आले म्हणून मीही सर्वांत कमी गुण देऊन, वर एक कडक वाक्य लिहिले होते. ते वाक्य कोणाच्या घरात जाऊन पडले असेल, हा विचार त्या विद्यार्थ्याचा चेहरा पाहीपर्यंत माझ्या मनात आला नव्हता. यापुढे तक्रार करायची तर कंपनीची करावी, माणसाची नव्हे. आणि चूक आपली निघाली तर तितक्याच तत्परतेने कळवावे, एवढा नियम तरी सुशिक्षितांनी पाळावा.

चालक बंधूंना माझे सांगणे थोडे आहे. भीतीला एकट्याने तोंड देऊ नका. ती एकट्यासाठीच बनवलेली आहे. रोज एक वही ठेवा: तारीख, वेळ, दार, कोणाच्या सांगण्यावरून पार्सल कोणाला दिले. पडद्यावर आलेल्या प्रत्येक मजकुराचे छायाचित्र काढून ठेवा, कारण उद्या तो पडदा तुमचा राहणार नाही. न वाचता, न समजता काही कबूल करू नका. व्हेंडरकडे जायचे तर चौघे मिळून जा. हबच्या बाहेरच्या ज्या झाडाखाली तुम्ही डबा खाता, तिथूनच संघटना सुरू होते.

आणि राज्याकडे मागण्या पाच आहेत. लेखी आरोपाशिवाय आणि म्हणणे ऐकल्याशिवाय कोणाचीही आयडी बंद होऊ नये. निर्णयाखाली जबाबदार माणसाचे नाव आणि सही असावी, आणि तो मराठीत असावा. स्थगितीच्या काळात मागील सरासरी कमाईवर निर्वाह भत्ता मिळावा. हयगय सिद्ध झाल्याखेरीज मालाची किंमत कापू नये. आणि माथाडी मंडळाच्या धर्तीवर एक मंडळ असावे, जिथे कंपनी, कामगार आणि शासन यांच्यासमोर अपील चालेल.

सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली मुंबईच्या पदपथावर राहणाऱ्यांच्या खटल्यात उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. १९९० साली दिल्लीच्या परिवहन महामंडळाच्या प्रकरणात, कारण न देता कायम कामगाराला काढण्याचा नियम घटनाबाह्य ठरवला. हे निर्णय शासनाला आणि शासकीय संस्थांना बांधतात, खासगी कंपनीला थेट बांधत नाहीत, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच तर कायदा हवा. सरकार जे करू शकत नाही ते कंपनीला खुशाल करता यावे, अशी घटना आपण लिहिलेली नाही.

माझ्या विद्यार्थ्याचे पुढे काय झाले, ते सांगून थांबतो. पार्सल त्याच सोसायटीतल्या वरच्या मजल्यावर, सारख्या आडनावाच्या दुसऱ्या कुटुंबाकडे सापडले. तेविसाव्या दिवशी आयडी पुन्हा सुरू झाली. का बंद झाली होती आणि का सुरू झाली, हे कोणी सांगितले नाही. कापलेली रक्कम परत आली नाही. दिवाळी गेली, हप्ता चुकला, आणि बायकोची एक बांगडी गहाण पडली. दुसऱ्या दिवसापासून तो पुन्हा कामावर आहे, पूर्वीपेक्षा अधिक घाबरून आणि अधिक वेगाने. म्हणजे यंत्राच्या दृष्टीने शिक्षा सफल झाली.

तो अर्ज अजून माझ्या टेबलावर आहे. वर तारीख आहे, खाली त्याची सही आहे, मधे सारी हकीगत आहे. फक्त "प्रति" या शब्दापुढची जागा कोरी आहे. ती जागा भरण्यासाठी कायदा करणे हे विधिमंडळाचे काम आहे, आणि विधिमंडळाला ते करायला लावणे हे तुमचे आणि माझे.